पडद्यावरचं उलटं हृदय

"माझा अख्खा वर्ग नापास? आणि हे ठरवलं कुणी — तुमच्या त्या पडद्यानं?"

दार न वाजवताच मी त्याच्या खोलीत घुसले होते. विद्यापीठानं जीवशास्त्राचे डिजिटल धडे बनवायला या महाशयांना सत्राच्या सुरुवातीलाच आणलं होतं; स्टाफरूममध्ये रोज भेट व्हायची. पडद्यावर हृदयाचं चित्र, प्रत्येक कप्प्याचं नाव बोटानं ओढून जागेवर न्यायचं, चुकलं की लाल फुली. आजच्या चाचणीत माझ्या पोरांनी अगदी मी शिकवलं तसंच केलं, तरी सगळ्यांना फुल्या! वर विभागप्रमुख मलाच म्हणतात, "मॅडम, तुमचं शिकवणं कुठंतरी कमी पडतंय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"बसा ना... पाणी देऊ?"

"पाणी नको! डावा कप्पा पडद्याच्या डावीकडे का दाखवलाय?"

"डावा म्हणजे डावीकडेच ना?"

काय तो निरागस चेहरा! मी आणखीच भडकले.

"उठा. माझ्याकडे तोंड करून उभे राहा." तो उभा राहिला. मी तावातावानं त्याच्या छातीवर बोट टेकवलं. "ही तुमची डावी बाजू. माझ्या कोणत्या हाताला आली?"

"उजव्या," तो हळूच म्हणाला.

"चित्रातला माणूसही असाच आपल्यासमोर उभा असतो! एवढं साधं..."

बोटाखाली काहीतरी भलत्याच वेगानं धडधडत होतं.

"हे... नेहमीच इतक्या जोरात चालतं?"

"नाही. तुम्ही समोर असलात की."

मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "विषय बदलू नका! आधी दुरुस्त करा."

"करतो. पण त्याआधी चला."

तो तडक विभागप्रमुखांकडे गेला. मी मागोमाग. "सर, चूक माझी आहे. मॅडमनी बरोबरच शिकवलंय. सगळ्यांना पूर्ण गुण द्या."

"असं कच्चं काम? मग पुढचे धडे तुम्हाला द्यायचे का, याचा विचार करावा लागेल."

आता मात्र माझा तोल सुटला. "विचार कसला, सर? त्यांनी चूक कबूल तरी केली! माझ्यावर खापर फोडताना तुम्ही केला होतात विचार?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "बरं, बरं... धडे त्यांच्याकडेच राहू देत. गुणही लावतो."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पुढचे धडे तपासायला याल? नाहीतर मुद्दाम चुका करीन..."

"खबरदार! माझ्या पोरांच्या गुणांशी खेळ नाही. मला बोलवायचं तर सरळ बोलवा."

तो थबकला. "मग सरळच सांगतो. मला तुम्ही फार आवडता."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?" मी केवढ्यानं तरी ओरडले. "मलाही आवडता तुम्ही!"

माझा आवाज ऐकून समोरच्या खोलीतला माझा सगळा वर्ग दारात येऊन बघत होता.