ओ त्यानेच द्यायची होती

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. ओर्नेल्लामावशी देवाकडेही पुरावा मागणारी बाई आहे, म्हणून मी विश्वास ठेवला.

रात्र नव्हती. नोव्हेंबरातला शनिवार. उतरती दुपार. व्हेनिसमध्ये, कान्नारेज्यो वस्तीच्या मागच्या अंगाचा एक अरुंद कालवा.

मावशी पुलापलीकडच्या, मोटारींच्या मेस्त्रेहून आगगाडीने मैत्रिणीकडे, विल्माकडे आली होती. विल्माचा नवरा आल्वीझे गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या दफनानंतर दोघी पहिल्यांदाच निवांत भेटत होत्या.

"आली का मेस्त्रेची मोटारवाली!" विल्मा दारातूनच ओरडली. "पाण्याचा वास सोसेल ना बाईसाहेबांना?"

"वास पाण्याचा नाही गं, तुझ्या तारल्यांचा येतोय."

कांद्यात आणि व्हिनेगरमध्ये दोन दिवस मुरवलेल्या तारल्या, मक्याच्या पिठाचा पोलेंटा, पांढरी वाइन. दोघी पोट धरधरून हसल्या. मग विल्मा कढत भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून वळली आणि...

थबकली.

"इथे तो हाक द्यायचा," ती म्हणाली. "गरम भांडं हातात असलं की घरातसुद्धा. आंधळं वळण आहे म्हणायचा."

आमच्याकडे कालव्याच्या वळणापलीकडचं दिसत नाही. म्हणून वल्हवणारा आधी हाक घालतो. ओऽऽए! पलीकडे कुणी असेल तर ते ओ देतं आणि दोघं आपापली बाजू धरतात. बोलता यायच्या आधी पोरं हे शिकतात.

आल्वीझे अशाच वळणावर मेला. डेनिस नावाच्या माणसाची मालाची मोटरबोट भरधाव आली आणि होडीचे दोन तुकडे झाले. डेनिसने चौकशीत सांगितलं, हाक आलीच नाही. चौकशीवाल्यांनी तेच धरून चालवलं. चूक मेलेल्याची.

"जन्मभर हाक देणाऱ्या माणसाला मुका ठरवला गं त्यांनी," विल्माने भांडं आदळलं. "त्याच्या वल्हवण्याच्या क्लबातले लोक मला म्हणतात, वय झालं होतं, विसरला असेल. विसरला असेल!"

मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"चल, होडीतून फिरवून आणते," विल्मा एकदम म्हणाली.

मावशी खूष झाली. धुकं उतरत होतं. दोघी उभ्याने वल्हवत निघाल्या, जुन्या वर्गमैत्रिणींची उणीदुणी काढत. कुठे जायचं ते विल्माच ठरवत होती.

एका वळणाजवळ तिने होडी भिंतीच्या कडीला बांधली. बाजूचा कालवा तिथून पूर्ण दिसत होता.

रिकामा.

"इथे कशाला?" मावशीने विचारलं. मग तिच्या लक्षात आलं. "विल्मा, हे ते वळण..."

"गप्प बस आणि ऐक. विधवेला लोक वेडी म्हणतात. तू मास्तरीण होतीस, तुझं ऐकतील."

मावशी भडकली. "मला जेवायला बोलावलंस की साक्षीला?"

"दोन्हीला. तारल्या फुकट नव्हत्या."

तेवढ्यात इंजिनाची घरघर आली. मोटरबोट वळणाच्या अलीकडे मंदावली. मग इंजिन बंद.

डेनिस होता. दोघींना पाहून त्याचा चेहरा उतरला.

"रोज इथे बंद करतो," विल्मा मोठ्याने म्हणाली. "विचार त्याला, का."

समुद्रपक्ष्यांचा कलकलाट थांबला. होडीच्या पोटाला लागणारं पाणीही लागेनासं झालं.

आणि मग त्या रिकाम्या कालव्यातून...

ओऽऽए!

मावशीने लगेच ओळखला. शेवटी घोगरा होणारा आवाज. आल्वीझेचा. लग्नात ज्या आवाजात गायला होता, तोच.

"ऐकलंस ना?" विल्माने डेनिसकडे वल्हं रोखलं. "ओ दे, डेनिस! मी पोलिसांत जाणार नाही, काही करणार नाही. त्याने हाक दिली होती, एवढं कबूल कर."

"काकू, मला काही ऐकू येत नाही."

"मग इंजिन का बंद केलंस, मेल्या?"

पुन्हा हाक. जवळून.

डेनिसने डोक्यावरची टोपी काढली. त्याचे ओठ विलग झाले. त्याने श्वास आत घेतला...

"ओऽऽए!"

ती ओ डेनिसची नव्हती.

मावशीची होती. तिने दिली नव्हती, तिच्या तोंडून गेली होती. वळणावर हाक आली की ओ जाते. आमच्या रक्तातच ते आहे.

मग वल्ह्याचा आवाज झाला. चुळुक... चुळुक... वळणावरून आला. दिसत काहीच नव्हतं. दोन्ही बोटींच्या मधून पाणी फाकत गेलं, विल्माची होडी हलली, आणि आवाज मोकळ्या पाण्याच्या दिशेने दूर दूर गेला.

पक्षी पुन्हा ओरडू लागले.

डेनिसने टोपी घातली. "पाहिलंत ना काकू? काही नाही," म्हणाला, आणि इंजिन सुरू करून निघून गेला.

विल्माने वल्हं पाण्यावर आपटलं. "तुला कुणी विचारलं होतं गं? तो ती ओ डेनिसकडून मागत होता! माझा माणूस वर्षभर थांबला होता इथे. तू त्याला वाट मोकळी करून दिलीस!"

"अगं, चुकून..."

"उतर."

आगगाडीच्या स्टेशनच्या पायऱ्यांशी तिने मावशीला उतरवलं. त्यानंतर फोन उचललेला नाही. त्या वळणावर आता हाक येत नाही, असं शेजारी सांगतात. डेनिस इंजिन बंद न करता जातो. शीळ घालत. हे ऐकलं की मावशीचा संताप होतो.

ती मेस्त्रेत चौथ्या मजल्यावर राहते. जवळपास पाणी नाही. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे जेवायला होतो. ती कढत सूप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि...

तिथेच थांबली.

कोपऱ्यापलीकडून आवाज आला. शेवटी घोगरा होणारा.

मावशीने दात आवळले. "माझ्याकडे काय मागतोस?" ती घरातल्या रिकाम्या बोळकांडीकडे बघून ओरडली. "त्याच्याकडे जा! त्या नालायकाकडे जा!"

पुन्हा आला.

मावशी माझ्याकडे वळली. माझं तोंड ओ द्यायला उघडलेलं होतं.

तिने सूप टाकून माझ्या तोंडावर हात दाबला.