बेचाळीस जेवणं आणि एक चिमूट

आईच्या पथ्याच्या आठव्या दिवशी सकाळी पट्टी जांभळी निघाली.

खरं तर ती हिरवी निघायला हवी होती. आईच्या लघवीत बुडवायची ही पट्टी शरीरात आयोडीन किती आहे ते सांगायची. हिरवी म्हणजे अगदी थोडं, जांभळी म्हणजे भरपूर. सहा दिवसांत ती हिरवी झाली नाही, तर आईचं औषध दोन महिने पुढे जाणार होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

"पण हे येतंय कुठून?" केतकी स्वयंपाकघरात येरझारा घालू लागली. चौदा दिवसांची बेचाळीस जेवणं तिने स्वतः आखली होती. फ्रिजवर तक्ता होता. मासे नाहीत, दूध-दही नाही, अंड्यातला पिवळा बलक नाही, बेकरीचा पाव नाही. स्वयंपाकाला आयोडीन न घातलेलं मीठ, वेगळ्या बरणीत. वेंगुर्ल्याच्या घरात आठ दिवस मासे नाहीत म्हटल्यावर मांजर कंटाळून शेजारी राहायला गेलं होतं.

"आई, खरं सांग. बांगडा खाल्लास?"

"अगं, बांगडा खाल्ला असता तर माझं तोंड असं दिसलं असतं का?"

केतकीने नीट निरखून पाहिलं. नसतं दिसलं.

"मंडळी, मला एक कळत नाही," पंगतराव म्हणाला. पंगतराव म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. आधी तो एका मंगल कार्यालयात वाढपी होता. अकराशे लग्नं वाढून निवृत्त झाला होता, पण समोर एकच माणूस असलं तरी त्याला तो 'मंडळी'च म्हणे. "ज्या पेशींना मारायचं, त्यांना आधी उपाशी ठेवायचं आणि मग जेवायला घालायचं? असं तर आम्ही व्याह्यांशीसुद्धा वागलो नाही."

केतकीने येरझारा न थांबवता सांगितलं, "आईची थायरॉईड (गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी) कर्करोगामुळे काढली. पण तिच्या काही पेशी मागे लपलेल्या असू शकतात. त्या रक्तातलं आयोडीन खेचून घेतात. म्हणून डॉक्टर किरणोत्सारी (आपोआप किरणं फेकत राहणारं) आयोडीन देणार. पेशींना दोन्हींतला फरक कळत नाही. त्या ते खातात आणि आतून जळून जातात."

"मग आजच द्या की!"

"आणि साध्या आयोडीनने त्यांचं पोट आधीच भरलेलं असेल तर?"

पंगतरावचे डोळे लुकलुकले. "आलं ध्यानात! मसालेभात चापलेल्याला जिलबी जात नाही. चौदा दिवस उपास, मग पानात नुसती जिलबी."

"तेच. आणि आपल्याकडे कुणीतरी गुपचूप मसालेभात वाढतंय!"

दुपारी आई जेवायला बसली. पंगतरावने ताट पुसलं. त्याच्या छातीतला कप्पा टक्कन उघडला. त्यातली चिमूट त्याने ताटाच्या वरच्या बाजूला अलगद ठेवली. मग लिंबाची फोड, मग काकडी. आईने काकडी त्या चिमटीत बुडवली.

केतकी थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हे मीठ कुठलं?"

"छातीतलं. कार्यालयातून निघताना भरून दिलेलं. आयोडीनयुक्त, उत्तम प्रतीचं."

"बरणीतलं का नाही घेतलंस?"

"बरणीतलं स्वयंपाकाचं. पानातलं माझं. पान मांडलं की आधी मीठ. तुमच्या तक्त्यात जे लिहिलंय तेच मी वाढतो. पण मीठ त्यात लिहिलेलंच नाही."

"मला वाटलं बरणीतलंच आहे," आई ओशाळून म्हणाली. "तुझ्या भाज्या अळणी लागतात गं. घेत होते लावून."

केतकीने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. भोपळा होता, तांदळाची भाकरी होती, कोरा चहासुद्धा होता. मीठ नव्हतं. ताटात मीठ असतंच, त्याला पदार्थ कोण धरतो? तिनेही धरलं नव्हतं.

"मिठात आयोडीन घालायचंच कशाला मग?" पंगतराव दुखावला होता.

"कारण ते सगळ्यांना लागतं. नाही मिळालं तर गलगंड (गळ्याला येणारी सूज) होतो. मी हेच मीठ खायला हवं. आईने फक्त काही दिवस नाही."

तिने त्याची छाती रिकामी केली. संध्याकाळी त्याचा हात ताटावर नुसताच लोंबकळत राहिला. मिठाशिवाय त्याला पुढचं काही वाढताच येईना. शेवटी कप्प्यात बरणीतलं मीठ भरलं आणि तक्त्यातल्या उरलेल्या एकोणीस जेवणांच्या सुरुवातीला तिने मीठ लिहिलं.

नवव्या दिवशी पट्टी जांभळी. दहाव्या दिवशी जांभळी. अकराव्या दिवशी केतकीची नखं संपली. तेराव्या दिवशी पट्टीच्या कडेला हिरवट झाक दिसली आणि चौदाव्या दिवशी सकाळी ती कैरीसारखी हिरवीगार निघाली. केतकीने ती मांजराला नेऊन दाखवली.

रुग्णालयात आईची खोली जाड काचेपलीकडे होती. औषध घेतल्यावर काही दिवस आईच्या अंगातूनच किरणं निघणार, म्हणून तिच्याजवळ माणसांना मनाई होती. पंगतराव माणूस नव्हता. तो ताट घेऊन आत गेला.

काचेबाहेर केतकी नवा तक्ता आखत होती. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिलं जेवण बांगड्याचं. त्याच्याही आधी, मीठ.

आईने कॅप्सूल गिळली. पंगतराव कमरेत वाकला, थेट तिच्या गळ्याकडे पाहून त्याने हात जोडले आणि अदबीने म्हणाला,

"सावकाश होऊ द्या, मंडळी."