ओळ इथे मोडते

"हे तुमचं काम?"

त्यानं मान वर केली. मुलांच्या मासिकाची कविता-संपादिका हातात छापील कागद घेऊन दारात उभी होती. रागावलेली, आणि रागात भलतीच गोड दिसणारी.

मासिकाची जुनी वेबसाइट नव्यानं बांधायला त्याला बोलावलं होतं. जुन्या मजकुरात टॅग नावाच्या खुणांचा नुसता सुळसुळाट – इथे रंग, इथे ठळक अक्षर, इथे नवी ओळ. पठ्ठ्यानं त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्याला सरळ सांगितलं: दिसेल तो टॅग काढ, त्या जागी काही ठेवू नको. रंग गेले, ठळकपणा गेला आणि कवितांच्या ओळीही एकमेकींत घुसून त्यांचा लगदा झाला.

"खोडरबर आहात नुसते," ती म्हणाली. "आता कुठली ओळ कुठे मोडते, कसं कळणार? ऐका..."

मूळ प्रत त्याच्या संगणकात सुखरूप होती. ते सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण ती वाचू लागली होती, आणि ओळ संपली की तिचा श्वास किंचित थांबत होता.

"तुम्ही वाचत राहा," तो बोलून गेला. "थांबाल तिथे मी ओळ मोडतो."

मग रोज दुपारी ती त्याच्या शेजारी येऊन बसू लागली. बेडकाच्या कवितेत बेडकाचा आवाज काढायची, तो हसला की कोपरानं ढोसायची.

"लक्ष कुठंय, खोडरबर?"

"ओळीकडे."

"ओळ पडद्यावर आहे."

स्वारी कानापर्यंत लाल. पण ती लपवाछपवी त्याला आतून कुरतडत होती. खरं कळलं तर ती उठून जाईल, आणि न सांगता तिच्या शेजारी बसणं तर त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

शेवटची कविता संपली तेव्हा त्यानं एका दमात सांगून टाकलं. "मूळ प्रत माझ्याकडे होती. पहिल्या दिवसापासून. मला तुमचा आवाज ऐकायचा होता... मला तुम्ही आवडता."

ती उठली. दार लागलं. आपल्याच हातानं आपण सगळं घालवलं, असं वाटून तो रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं. तिनं टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला.

"गोष्टींमधली गाणी राहिलीत," खुर्ची जवळ ओढत ती म्हणाली. "तुझ्या त्या पहिल्या स्क्रिप्टमधून काढ."

"पहिल्या? अहो, ती चुकीची आहे. सगळ्या ओळी जातील –"

"जाऊ देत," ती म्हणाली. "मी आहे ना वाचायला."