मधली पट्टी

"त्यानेच फोडली!" सिस्टर उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "संध्याकाळी समिती बसतेय आणि आज सकाळी बघते तर काच फुटलेली. दुसरं कोण फोडणार?"

वहिनींनी त्यांना आधी खुर्ची दिली. लोकांच्या भानगडींचा छडा लावणे हा वहिनींचा धंदा, आणि तो बरा चालला होता. पलीकडे चष्मा पुसत बसलेले भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या प्रत्येक तपासाला हजर असत आणि प्रत्येक तपासात त्यांच्या एक पाऊल मागे असत.

सिस्टरांची हकिकत साधी होती. शहरातली निम्मी माणसे ज्या जुन्या प्रसूतिगृहात जन्मली, तिथे त्यांनी उभे आयुष्य काढले. ते बंद पडल्यावरही त्यांचा पाय निघेना, म्हणून तळमजल्यावर त्यांनी पाळणाघर थाटले. आता वारसा समिती इमारत जपायची की पाडायची ते ठरवणार होती. पाळणाघराच्या भिंतीला उभी चीर होती. इंजिनियरने तिच्यावर आडव्या तीन काचपट्ट्या बसवल्या होत्या, एक वर, एक मध्ये, एक खाली. भिंत हलली की काच तडकणार. पट्ट्या शाबूत राहिल्या तर इमारत वाचणार, नाहीतर ती पाडून नवी बांधायला टपलेल्या ठेकेदाराच्या घशात जाणार.

"फुटली ती कुठली?"

"मधली. एवढं सिद्ध करून द्या की ती त्या मेल्या ठेकेदाराने फोडली. नाहीतर माझं पाळणाघर आज संपलं."

पाळणाघराचे लोखंडी दार अर्ध्यातच अडले. सिस्टरांनी सवयीने खांदा लावला. "फुगलंय हो. हल्ली रोजचंच."

भिंत छतापर्यंत पिवळीधमक होती. "पट्ट्या बसवल्यावर रंग दिला," सिस्टर म्हणाल्या. "काचा सांभाळून ब्रश फिरवला, तरी शिंतोडे उडालेच."

मधल्या पट्टीवर ते शिंतोडे होते, खालच्या पट्टीवरही होते. दोन्हींच्या टोकांचे प्लास्टर पिवळ्याने माखले होते. मधली काच बरोबर चिरेवर, एका सरळ रेषेत तडकली होती. जमिनीवर काचेचा कण नव्हता. वहिनी स्टुलावर चढल्या आणि वरची पट्टी बराच वेळ बघत राहिल्या. काच स्वच्छ, टोकांचे प्लास्टर पांढरेशुभ्र.

खाली उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सिस्टर, मुलांना आज अंगणात खेळवा. जेवण, झोप, सगळं बाहेर."

"का हो?"

"हवा चांगली आहे."

भावोजींनी हवेकडे पाहिले. तिच्यात त्यांना काही विशेष दिसले नाही.

इंजिनियर आला तोच वैतागलेला. "मीच भंडावून गेलोय. ही चीर वरून उघडते. भिंत हलली तर आधी वरची पट्टी तुटणार, मग मधली. इथे वरची धडधाकट आणि मधली तुटलेली! असं होतच नाही. कुणीतरी हाताने फोडली असणार."

"पट्ट्या इथेच कापल्या होत्या?"

"छे, ऑफिसातून कापून आणल्या. बसवल्याही मीच, एकट्याने."

ठेकेदार आपल्या ऑफिसात नव्या जागेच्या नकाशावर ओणवा झाला होता. आळ ऐकून तो हसला.

"बाई, मला फोडायचीच असती तर तिन्ही फोडून मोकळा झालो नसतो का? एक फोडून आणि दोन ठेवून मी संशय कशाला ओढवून घेईन?"

"पटतंय," बाहेर पडल्यावर भावोजी म्हणाले. "पण मघाशी इंजिनियरचंही पटलं होतं. भिंतीने फोडली नाही, माणसाने फोडली नाही. मग काय काचेने आत्महत्या केली?"

वहिनी हसल्या आणि समोरच्या फ्रेमच्या दुकानात शिरल्या. दुकान सिस्टरांच्या मुलाचे होते.

"तुम्ही पाळणाघरात जाता का कधी?"

"पट्ट्या लागायच्या आधीपासून आत पाऊल टाकलेलं नाही. माझ्या पोरीलाही आईच नेते-आणते. आईचा जीव आहे हो त्या इमारतीत. ती गेली तर आई खचेल."

"समितीला दाखवायला तशी एक पट्टी हवी होती. द्याल कापून?"

"लगेच." त्याने काच ओढली, काच कापायची हिरकणी फिरवली, टक्कन काच मोडली आणि कागदात गुंडाळून दिली.

संध्याकाळी समितीच्या आधी वहिनींनी सगळ्यांना अंगणात जमवले. मुले चटईवर झोपली होती. वहिनींनी कागद उलगडला.

"ही पट्टी मी आत लावून पाहिली. वरच्या पट्टीएवढीच आहे, केसाचाही फरक नाही. कापणाऱ्याने मला माप विचारलं नाही, आणि पट्टी तर त्याने कधी पाहिलीच नव्हती म्हणे."

फ्रेमवाल्याने मान खाली घातली.

"आपण सगळे फुटलेली काच बघत बसलो. बघायला हवी होती न फुटलेली. रंगाचे शिंतोडे मधल्या आणि खालच्या पट्टीवर आहेत, वरच्या पट्टीवर नाहीत. तिचं प्लास्टर पिवळ्या रंगाच्या वर बसलंय. म्हणजे ती रंगानंतर लागली. तिथली मूळ पट्टी केव्हाच तुटली होती."

"थांबा, थांबा," भावोजी काकुळतीला आले. "म्हणजे फुटलेली खरी आणि न फुटलेली खोटी?"

"आत्ता कसं! मधली पट्टी भिंतीनेच तोडली. हातोडी लागली असती तर खाली चुरा पडला असता. आणि सिस्टर, लाकूड फुगतं. लोखंडी दार फुगत नाही. चौकट कलतेय."

"एकच तर तुटली होती," फ्रेमवाला पुटपुटला. "वाटलं, समितीपर्यंत निभावून नेऊ. काल रात्री मधलीही तडकलेली दिसली. आज सकाळी बदलायला आलो तर आई आधीच आत होती."

सिस्टर चटईवरच्या आपल्या नातीकडे बघत म्हणाल्या, "तुझी पोर रोज दुपारी त्या भिंतीखाली झोपते रे."

त्याला रडू कोसळले.

"पहिली तुटली तेव्हाच कळवलं असतंत," इंजिनियर म्हणाला, "तर टेकू लावून भिंत सावरली असती. आता वाचेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही."

सिस्टर ठेकेदाराकडे वळल्या. "तुमच्यावर नाही तो आळ घेतला. चुकले मी."

ठेकेदार गोंधळला. "अहो, मीही इथलाच. जन्मलो तेव्हा रडत नव्हतो, तुम्हीच म्हणे धपाटा घालून रडवलंत."

भावोजींनी घड्याळ पाहिले. "समितीला काय सांगायचं?"

"सांगा, इमारत रिकामी आहे," सिस्टर म्हणाल्या. "जपायची तर जपा, पाडायची तर पाडा. पण आधी हे ऐका, आत आता कुणी नाही."

पाळणे बाहेर आले. खेळणी आली. सिस्टर शेवटी निघाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतले. ते अर्ध्यातच अडले. त्यांनी खांदा लावायला म्हणून पाऊल पुढे टाकले, क्षणभर तशाच थांबल्या, आणि दार उघडेच ठेवून नातीला उचलायला गेल्या.