अंबाडीची शेवटची पेंडी

भाद्रपदातल्या पावसाला ना धड पडता येतं, ना धड जाता येतं. त्या सकाळीही तो नुसता रिपरिपत होता आणि मंडईमागच्या बोळात नऊ वाजले तरी महानंदाची भवानी झाली नव्हती. ज्यानं आयुष्यात कधी पाटी लावली नाही, त्याला हे दुःख कळायचं नाही. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती अडली की सगळा दिवस अडतो, असं महानंदाची आई निंगव्वा सांगायची.

वीस वर्षं निंगव्वा याच जागी पालेभाजी घेऊन बसली. गुडघे गेले तेव्हा तिनं जागा लेकीला दिली आणि जागेबरोबर दोन नियम दिले. भवानीला घासाघीस करायची नाही. आणि पाटीतली शेवटची पेंडी विकायची नाही, ती घरच्या माणसाची. महानंदा सव्वीस वर्षांची, बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ. पण हे दोन नियम तिनं कधी मोडले नव्हते.

पोत्यावर मेथी, शेपू, चुका, अंबाडी... सगळ्यांनी पावसानं माना टाकलेल्या. शेजारी आपल्या चार विटांवर बनाबाई बसलेली, सत्तरीची, दातानं सुपारी फोडणारी. आणि समोर चौकात ते नवं सुपरमार्केट. काचेचं, आत थंडगार. बोळातल्या बायकांनी त्याचं नाव ‘गारेगार दुकान’ ठेवलं होतं.

तेवढ्यात त्याच दुकानाची पिशवी घेऊन एक जण पावसातून पळत आला, महानंदाच्या छत्रीखाली डोकं घालायला वाकला, आणि पिशवीचा बंद तुटला. टोमॅटो घरंगळत थेट अंबाडीत.

“तिथनं घ्यायचं आन् हितं आणून सांडायचं, ही कुठली रीत म्हणायची?” महानंदा म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. टोमॅटो गोळा करता करता त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पटकन पाल्याकडे. “ही... ही लाल देठांची भाजी कोणती?”

“अंबाडी. एवढं पण ठावं न्हाय?”

“तिथं पाकिटावर नाव असतं,” तो म्हणाला. आणि इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की महानंदाला हसू दाबता आलं नाही.

त्यानं एक पेंडी घेतली. भावाला हूं की चूं केलं नाही. तिनं नोट कपाळाला लावली, पाटीला टेकवली, आणि काय सांगावं, पाऊस थांबला. अकरापर्यंत पाटीत शेवटची पेंडी तेवढी उरली. बनाबाई म्हणाली, त्या पोराच्या हाताला गुण हाय बघ.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, तोंड वाकडं करून. भाजी इतकी आंबट झाली होती की दात आंबले, म्हणाला. तिनं विचारलं, उकडून पाणी काढून टाकलं होतं का? पाणी काढायचं असतं? त्याला कोण सांगणार? आई नव्हती, बहीण नव्हती. गाव बार्शी, इथं भाड्याची खोली, नोकरी ऑफिसात. ऑफिस म्हटलं की पुढं खोदून विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. तिनं त्याला सगळं समजावलं, ज्वारीच्या कण्या कधी टाकायच्या, वर लसणाची फोडणी किती चरचरीत घालायची. तो शाळेतल्या पोरासारखा ऐकत राहिला. नाव राजशेखर. हसला की डावा डोळा जरा जास्त मिटायचा. हे तिनं दुसऱ्याच दिवशी पाहून ठेवलं होतं, आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलंही होतं.

मग रोजचंच झालं. साडेआठला तो यायचा, एक पेंडी घ्यायचा, बाकीच्या भाज्यांचे भावही कौतुकानं विचारायचा आणि जायचा. एकदा बनाबाईनं सुपारी तोडत विचारलं, “सगळ्या गिऱ्हाइकास्नी दादा म्हणतीस, ह्यालाच का न्हाय गं?” महानंदानं मेथीवर उगीचच पाणी शिंपडलं.

शेवटच्या पेंडीची गोष्टही तिनं त्याला सांगितली. तो म्हणाला, “एकदा मला द्या ना ती. दुप्पट पैसे देतो.”

“इकायची नसती ती. घरच्या माणसाची असती.”

“घरचं माणूस व्हायला काय करावं लागतं?”

“आधी अंबाडी नीट करावी लागती,” ती म्हणाली, आणि मग दिवसभर तेच आठवून एकटीच हसत राहिली.

एवढ्यावर गोष्ट थांबती तर बरं झालं असतं. पण नवरात्र आलं आणि बोळाला दृष्ट लागली. बोळात मेथी ज्या भावाला, गारेगार दुकानात त्याहून रुपया-दोन रुपये कमी. इथं भाव उतरवला की तासाभरात तिथली भावाची पाटी बदललेली. बनाबाई म्हणायची, ह्यांस्नी कळतंय कसं गं, भिंतीला कान हायत का काय? एकेक बाई उठून गेली. कुणी धुणीभांडी धरली, कुणी लेकाकडं गेली.

आणि महानंदा? तिनं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. भवानी राजशेखरच्याच हातची, असा तिनं नियमच करून टाकला. तो येईपर्यंत दुसऱ्या कुणाला पेंडी द्यायची नाही. आठ वाजता कामावर निघालेली एखादी बाई पैसे पुढं करायची, ही म्हणायची, थांबा की मावशी, भवानी व्हायचीय अजून. मावशीला कुठला वेळ? ती तरातरा चौकात जायची. बनाबाई चिडायची, येडे, आलेल्या लक्ष्मीला परत धाडू न्हाय, असलं काहीतरी बोलायची. पण प्रेमात पडलेल्या माणसाला कोण समजावणार?

दिवाळीत बनाबाईचा सगळा माल दोन दिवस तसाच उरला. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. पाल्याचा चिखल झाला, आता माज्यानं हुईना, असा निरोप आला. तिच्या चार विटा तेवढ्या तिथं राहिल्या. बोळातलं पाणी त्यांच्यामधून वाहायचं. त्या सकाळी राजशेखर आला, विटांकडे पाहत उभा राहिला आणि त्याला विचारायचं सुचेना, पैसे द्यायचं सुचेना. आजी कुठं गेल्या, एवढंच त्यानं शेवटी विचारलं. महानंदानं सांगितल्यावर त्याचा चेहरा असा उतरला की तिलाच त्याची कीव आली.

त्यानंतर मात्र नवल झालं. गारेगार दुकानातली पालेभाजी महागली. गिऱ्हाईक परतून बोळात आलं. महानंदाचा माल बाराच्या आत खपू लागला. हात कुणाचा, ते तिला वेगळं सांगायला नको होतं. पण तो हात आता बोलत नव्हता. राजशेखर यायचा, पेंडी घ्यायचा, तिच्याकडं पाहायचा आणि मान खाली घालायचा. मार्गशीर्षातल्या एका धुक्याच्या सकाळी नोट देताना त्याची बोटं तिच्या ओल्या बोटांवर जरा रेंगाळली.

“महानंदा... एक सांगायचंय.”

“सांगा की.”

“उद्या सांगतो.”

तो उद्या काही उजाडला नाही.

संक्रांत जवळ आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी बोळाची वर्षाची कमाई. गाजर, पावटा, वांगी, हरभऱ्याचा पाला, सगळ्यांची मिळून एक भाजी घरोघर लागते. निंगव्वानं लेकीला सांगितलं, जा, ते दुकान भोगीच्या भाजीचं काय लावतंय ते बघून ये. महानंदा आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेच्या दारातून आत गेली. थंडीनं अंगावर काटा आला. भाज्यांच्या फळीपाशी हिरवा टीशर्ट घातलेला एक जण पाठमोरा उभा होता, मोबाइलमध्ये पाहून अंबाडीच्या पाकिटांवर भावाच्या चिठ्ठ्या चिकटवत. त्यानं मान वळवली. डावा डोळा... तोच डोळा.

हातातली चिठ्ठी त्याच्या बोटालाच चिकटून राहिली. रोज सकाळी पेंडी घेणं, कौतुकानं भाव विचारणं, तासाभरात बदलणारी भावाची पाटी, बनाबाईच्या विटा. तिथल्या तिथं सगळं तिच्या ध्यानात आलं. भिंतीला कान नव्हते. ते कान तिनंच रोज साडेआठला समोर बसवून घेतले होते, आणि त्यांच्या हातची नोट कपाळाला लावली होती. बाहेर आली तेव्हा तिला रडू येत होतं, पण बोळातून चालताना रडायची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं आल्या गिऱ्हाइकाला पहिली पेंडी दिली. साडेआठला तो आला. “भवानी झालीया,” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. तो आल्या पावली परत फिरला.

भोगीच्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं. अवेळी भुरभुर लागलेली, ऐन थंडीत. तरी बोळात गर्दी होती. राजशेखर आला तो साध्या शर्टात, खांद्याला बॅग. गर्दी जरा हलेपर्यंत बनाबाईच्या विटांपाशी भिजत उभा राहिला. मग खाली उकिडवा बसला.

“तुमचे भाव कळवायचे, तेच माझं काम होतं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशीसुद्धा मी त्यासाठीच बोळात आलो होतो. दिवाळीपर्यंत खरे कळवले. आजींची जागा रिकामी पाहिली, त्या दिवसापासून खोटे कळवायला लागलो. चढवून. परवा साहेब स्वतः येऊन बोळात भाव विचारून गेले... काल मला काढलं. दोनच्या एसटीनं बार्शीला चाललोय. मामाचं धान्याचं दुकान आहे.”

महानंदाचे हात पेंड्या बांधता बांधता थांबले. “म्हंजे तुमच्या हाताला गुणबिण काय नव्हता.”

“नव्हता.”

एवढं एकच तिला अजून खरं वाटत होतं, तेही गेलं. तिला वाटलं, ओरडावं याच्यावर. आणि वाटलं, याचा शर्ट भिजलाय, छत्रीखाली ये म्हणावं. दोन्ही वाटलं आणि दोन्हीचा राग आला.

“बनाबाईला सांगितलं?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय? जागा तिची गेली. शेळगीत ऱ्हाती ती, मारुतीच्या देवळामागं. आधी तिला सांगा.”

तो उठला आणि रिक्षाला हात न करता पावसातून तसाच निघाला. जाईल का हा तिथपर्यंत, की परस्पर एसटी स्टँड गाठेल? महानंदा पेंड्या विकत राहिली. सुटे परत देताना दोनदा चुकली. सगळे येत होते, पाटी भराभर खाली होत होती, आणि तिला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. बारा वाजले. साडेबारा झाले. पाटीत अंबाडीची एकच पेंडी उरली. एका बाईनं ती मागितली. महानंदा म्हणाली, ही इकायची न्हाय.

एकला तो बोळाच्या तोंडाशी दिसला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आला आणि विटांपाशी उभा राहिला, बसला नाही.

बनाबाईनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, त्यानं सांगितलं. शेजारपाजार गोळा झाला होता. शिव्या संपल्यावर म्हणाली, भोगीच्या दिवशी दारातनं उपाशी कुणी जाऊ नये, बस. आणि बाजरीची भाकरी, भोगीची भाजी वाढली.

“खाल्ली?” महानंदानं विचारलं.

“खाल्ली. पण... चुलीपाशी रिकामं पाकीट पडलं होतं. आमच्याच दुकानातलं. शेजारणीनं आणून दिलं म्हणाल्या, मंडईपर्यंत आता येववत नाही. चिठ्ठी मीच चिकटवलेली होती, महानंदा. घास गिळवत नव्हता.”

“परत बसंल म्हणाली का?”

त्यानं मान हलवली. नाही.

भुरभुर चालूच होती. दोन्हीकडं मोकळी पोती, मधे चार विटा. गेलेलं काही परत यायचं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. महानंदानं पाटीतली अंबाडीची पेंडी उचलली, झटकून पाणी काढलं, आणि त्याच्यापुढं धरली.

सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला. नोट बाहेर आली.

“पैशे खिशात ठिवा,” ती म्हणाली.

तो नोट तशीच धरून उभा राहिला. त्याच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. डोळे भरून आले, डावा जरा जास्त मिटला.

“पण महानंदा, मी...”

“पाणी काढून टाका आठवणीनं,” ती पोतं गुंडाळायला लागली. “दात आंबले तर सांगायला हितवर यावं लागंल. आन् बार्शी लांब हाय.”

“एवढी काही लांब नाही...” तो म्हणाला.

दोनची एसटी त्याला गाठायची होती. तो गेला. वळणावर थांबून त्यानं मागं पाहिलं का, हे महानंदानं पाहिलं नाही. तिचे डोळे भरले होते आणि पोत्याची गाठ बसत नव्हती.

घरी निंगव्वा गुडघे शेकत बसली होती. पाटी उंबऱ्याशी टेकल्याबरोबर तिनं आत वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत ती कधी अशी रिकामी घरात आली नव्हती. भोगीला आपली अंबाडी कुठाय, तिनं घरच्या कन्नडात विचारलं.

“दिली,” महानंदा म्हणाली.

“कुणाला?”

महानंदानं पदरानं तोंड पुसलं. “घरच्याच माणसाला, आई.”