पुढच्या खेपेला

त्या दिवशी मला बेटावर जायचं काही कारण नव्हतं. घरामागे तुरीच्या काड्या रचत बसलो होतो. नातू बादल गाडी पुसता पुसता म्हणाला, "आबा, चल ना संगे. जळगावचे पाहुणे येणार शेत. मला रस्ता माहीत शे, पण गोष्टी माहीत नाहीत. पाहुण्यांना गोष्टी लागतात."

"जा," माझी बायको सुगंधा म्हणाली. "रोज माझ्या पायात येता. आज जरा वानरांच्या पायात या."

मी डोक्याला रुमाल बांधला आणि निघालो.

बेट म्हणजे समुद्रातलं नाही. यावलच्या वर, डोंगराला लागून धरण आहे. ते भरलं तेव्हा आमचं सांबरपाडा गाव पाण्याखाली गेलं आणि गावावरची मोठी टेकडी तेवढी मध्ये राहिली. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की अलीकडून मातीची वाट उघडी पडते, त्यावरून गाडी जाते. टेकडीवरून आमचा जुना रस्ता आहे. अलीकडून चढतो, जंगलातून फिरतो, पलीकडे उतरतो आणि तसाच पाण्यात शिरतो. रस्ता काही कोणी मोडला नाही. तो आपला अजून गावाला जातोच आहे.

बादलची जीप पूर्वी काळी-पिवळी होती. यावल ते डोंगरातले पाडे, अशा सवाऱ्या भरायचा. मागे समोरासमोर दोन बाकडी, दाराशी माणसं लोंबकळलेली. पत्र्यावर एक थाप पडली की थांबायचं, दोन पडल्या की निघायचं. मागे वळून कोणी बघत नाही, बघायला वेळच नसतो. आता गाडीला हिरवा रंग दिला, पाहुणे फिरवतो, पण पायाची सवय तीच. थाप ऐकली की पाय आपोआप ब्रेकवर.

पाहुणे चांगले होते. बुद्धभूषण साहेब जळगावला नोकरीला, त्यांची बायको स्नेहल आणि आई द्रौपदाबाई. साहेब आणि स्नेहलताई पुढे बादलजवळ बसले, फोटो काढायला. द्रौपदाबाई मागे माझ्यासमोर. मूळच्या साक्रीकडच्या, बोलक्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

"नाना, मला माणूस म्हणजे नुसता धूर दिसतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा जाड धूर शेत, एवढंच."

साहेब पुढून हसले. "मनावर घेऊ नका नाना. आई खांबालाही जय भीम घालते."

"खांब उलट उत्तर देत नाही. तू देतस."

असे हसत आम्ही बेटावर चढलो. चैत लागला होता. पळस पेटलेला, मोहाची फुलं खाली पडून आंबूस गोड वास सुटलेला. पाण्याच्या कडेला करकोचे उभे होते. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रस्ता ओलांडून गेला तेव्हा स्नेहलताईंनी टाळ्याच वाजवल्या. मोडक्या मोरीजवळ गाडी एका अंगावर अशी कलली की साहेबांचा फोन खाली पडला. बादल मुद्दामच तशी नेतो. पाहुण्यांना थोडी भीती लागतेच.

मी गोष्टी सांगत होतो. अस्वलाची गुहा कुठे, मध कुठे निघायचा. द्रौपदाबाई हूं हूं करत होत्या.

मोठ्या अंजनाच्या झाडाशी चढ संपतो. तिथे पत्र्यावर थाप पडली. एकच.

बादलने गाडी थांबवली. मला वाटलं, पुढे फोटो काढायचा असेल. बादलला वाटलं, मीच थाप मारली. उतरलं कोणीच नाही. इंजिन गुरगुरत राहिलं. वारा नव्हता. मोहाचा वास गेला आणि दुसराच आला... चुलीच्या धुराचा, आणि त्यात उकळत्या गुळाचा.

द्रौपदाबाई दारापासून आत सरकल्या. अगदी सहज, जीपमध्ये बाया सरकतात तशा. मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"ये बाई, बस. जागा शे."

पत्र्यावर दोन थापा पडल्या. गाडी निघाली.

मी बाकड्याकडे बघितलं. त्यांच्या आणि दाराच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून त्या बोलत होत्या.

"कोठे चालनी वो बाई?... हां... एकटीच शे का?... बरं बरं."

"अक्का," मी हळूच म्हणालो, "कोणाशी बोलता?"

"ही काय, ही बाई." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मोतीबिंदू मलाच झाला आहे.

तेवढ्यात वानरं ओरडायला लागली. खॅक... खॅक... वाघ-बिबट्या दिसला की वानर असं ओरडतं, आणि जनावर लांब गेलं की गप्प होतं. मी लहानपणापासून ऐकत आलो. पण हे ओरडणं मागे राहीना. आम्ही पुढे गेलो की पुढच्या झाडावरची वानरं ओरडायला लागत, मागची गप्प. जिथे जीप, तिथे ओरड.

बादल खूश झाला. "साहेब, बिबट्या जवळपासच शे. मोबाईल तयार ठेवा."

आणि बिबट्या खरंच दिसला. वळणावरच्या खडकावर बसला होता, उन्हात. स्नेहलताईंनी तोंडावर हात ठेवला. गाडी त्याच्याजवळून, अगदी हळू गेली. त्याने पुढच्या माणसांकडे बघितलंच नाही. गाडीचा मागचा भाग समोर आला तेव्हा त्याचे कान चपटे झाले. पोट खडकाला टेकवून तो मागे मागे सरकत गेला. घरात मार खाल्लेलं मांजर चुलीमागे जातं, तसा.

"काय नशीब आपलं," साहेब पुढे म्हणत होते.

मागे द्रौपदाबाईंचं बोलणं चालूच होतं. "कोरा चहा? मला चालतो ना... गुळाचा? मग तर अजून चांगला... दूध काय करायचं त्यात..."

मला कळलं ती कोण.

आमच्या गावात तानुबाई म्हणून होती. रस्त्याला लागूनच घर. जाणाऱ्या-येणाऱ्याला गुळाचा कोरा चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. लाकूडवाले, पोलीस, बैल विकायला निघालेले, सगळे तिच्या ओट्यावर बसून गेलेले. नाही म्हटलं की हात धरून न्यायची. गाव उठायच्या आधीच्या पावसाळ्यात तापाने गेली. घरामागेच पुरली. पुढे गाव उठलं तेव्हा आम्ही देव उचलले, दाराच्या चौकटी काढल्या, कोंबड्या पिशवीत घातल्या. मेलेली माणसं मात्र तिथेच राहिली. त्यांना कसं उचलणार? वर पाणी आलं. तेव्हापासून त्या रस्त्याने तिच्या दारापर्यंत कोणी जात नाही.

आणि आमची गाडी त्याच रस्त्याने उतरत होती.

मी बादलला थांबवायला थाप मारणार होतो. हात वर गेला आणि तिथेच राहिला. थांबली गाडी आणि अजून कोणी चढलं तर?... हात खाली घेतला. म्हटलं, पाण्यापाशी अक्कांना गाडीतून उतरूच द्यायचं नाही.

पण या वयात मला चटकन उठता येत नाही. पाण्याजवळ गाडी थांबली. साहेब आणि स्नेहलताई लगेच फोटो काढायला कडेच्या खडकावर चढले. लाल झालेलं पाणी, वरून बगळ्यांची रांग. बादल बॉनेट उघडून पाणी भरत होता. मी बाकड्याला धरून उठतो, तोवर द्रौपदाबाई उतरून चालू लागल्या होत्या. ज्यांना पायरी दिसत नाही, त्या खड्डे चुकवत सरळ चालल्या होत्या. एक कोपर शरीरापासून जरा लांब धरलेलं, कोणी हात धरल्यावर असतं तसं.

"अक्का, थांबा."

"आले, आले. इथेच घर शे म्हणते. एक घोट घेऊ आणि लगेच येऊ. नाही म्हणणं बरं दिसत नाही, नाना."

त्यांचं पाऊल पाण्यात गेलं. मग दुसरं. पातळाचा काठ पाण्यावर तरंगला. रस्ता तिथून एकदम खाली उतरतो, मला माहीत आहे. पुढे पुरुषभर पाणी, आणि त्याच्यापुढे गाव.

मी होतो तसाच पाण्यात शिरलो. त्यांचा मोकळा हात धरला आणि ओढलं. त्या हलल्या नाहीत. पलीकडूनही कोणी धरलं होतं. जोरात नव्हे. आग्रहाने धरतात तसं.

"बादल..." मी हाक मारली. बॉनेटच्या आड त्याला ती ऐकू गेली नाही.

मग मी ओढणं सोडलं. तानुबाईच्या हातून हिसका देऊन जिवंतपणीही कोणी सुटलं नव्हतं. तिच्याशी बोलावंच लागायचं. मी पाण्यात उभा राहिलो, हात जोडले आणि तिच्या जागेकडे बघून म्हणालो, "तानुबाई, मी वेस्ता. ही पाहुणी लांबची शे. पोरगा वर उभा शे, घाबरेल. आज राहू दे."

काही हललं नाही.

"तिच्या बदल्यात मी येईन. चहाला. पुढच्या खेपेला."

द्रौपदाबाईंनी मान कलती करून काहीतरी ऐकलं. "ती विचारते, सगळेच पुढच्या खेपेला म्हणतात. तुम्ही नक्की येणार का?"

"नक्की."

पाण्यावर एक मासा उडाला. मग त्यांचं कोपर सैल होऊन अंगाला लागलं आणि त्या एकदम माझ्यावर कलल्या. "नाना... मी पाण्यात कशी आले?"

साहेब धावत आले, आईला धरून वर नेलं. "आई, तुला सांगितलं होतं ना, एकटी उतरू नको." स्नेहलताईंनी पातळाचा काठ पिळून दिला. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? साहेबांना वाटलं, मीच वेळेवर पोचलो. ते माझे आभार मानत होते आणि मला ते आभार टोचत होते.

परत निघालो. द्रौपदाबाई माझ्यासमोर डोकं पत्र्याला टेकून गप्प बसल्या. वाटेवरच्या झाडांत एकही वानर उरलं नव्हतं, त्यामुळे ओरडही नव्हती. मला बरं वाटलं. तरी जिथून घेतलं, तिथे सोडावं, असा माझा विचार. अंजनाच्या झाडाशी मीच पत्र्यावर एक थाप मारली. बादल थांबला. मी मागचं दार उघडलं आणि उघडं धरून ठेवलं.

"उतर बाई," मी पुटपुटलो. "इथवरच."

गाडी जराशी हलली. खाली गेली की वर आली, ते मला नीट सांगता येणार नाही. द्रौपदाबाईंनी पाय आखडून घेतले. ओल्या पातळाने गारठल्या असतील, असं मनाशी म्हटलं. दार लावलं, दोन थापा मारल्या.

आमच्या नव्या गावाच्या फाट्यावर मी उतरलो. पाहुण्यांना घेऊन बादल यावलकडे गेला. फाट्यापासून घर लांब नाही, पण मी हळू चालतो. मागे वळून बघितलं नाही. बघावंसं वाटलं नाही, खरं सांगायचं तर.

घरी आलो. पाय धुतले. आत खाटेवर टेकलो आणि पहिल्यांदा छाती मोकळी झाली. म्हटलं, पुन्हा त्या बेटावर जायचंच नाही. गेलो नाही तर ती काय करणार आहे?

दिवेलागण होऊन गेली होती. बादलची बायको सुनिता फोन घेऊन आली. "आबा, तुमच्यासाठी शे. ह्यांच्याच फोनवरून त्या पाहुण्या आजी बोलतात."

"नाना, पोचले का?" द्रौपदाबाईंचा आवाज आता चांगला मोकळा होता. "मी म्हटलं, विचारून घेऊ. तुमचं वय झालं, आणि एवढ्या जणी संगे."

"कोण संगे?"

"तुमच्या गावच्या बाया. फाट्यावर तुमच्यामागेच उतरल्या ना बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या."

"अक्का... तिला तर मी झाडापाशी उतरवलं."

"उतरवलं? उतरलं कोण, नाना? तुम्ही दार उघडं धरलं, तर उलट अजून चढल्या. मला तर पाय ठेवायला जागा नव्हती. ती म्हणत होती, वेस्ता काही परत येत नाही, त्यापेक्षा आपणच जाऊ त्याच्याकडे..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. बाहेर ओट्यावर सुगंधा कोणाशी तरी बोलत होती. आल्या-गेल्याशी बोलते तशीच, मोकळं, हसून. मग तिने दारातून आत डोकावलं.

"इथे काय बसलात? उठा जरा," ती म्हणाली. "शेजारून कप मागून आणा. आपले पुरणार नाहीत."