एक खूण जास्त

जिन्यात दोघांची टक्कर झाली ती तिच्याच घाईमुळे. हातातले कागद पायऱ्यांवर पसरले, आणि तो खाली बसून एकेक उचलू लागला. बाहेर सकाळपासून मळभ होतं. जिन्यातल्या अंधुक उजेडात तिला आधी दिसले ते त्याचे हात — मनगटापर्यंत बारीक बारीक भाजल्याचे डाग.

"नोकऱ्यांचं ऑफिस वरच ना?" त्याने विचारलं. "दोन महिन्यांत एकही फोन नाही. म्हटलं, मी जिवंत आहे एवढं तरी सांगून यावं."

तिला हसू आलं. वर आपल्या टेबलाशी बसवून तिने त्याचं प्रोफाइल उघडलं, आणि ते हसू जागच्या जागी विरलं.

ऑफिसात तिला सगळे 'खोडरबर' म्हणत. उमेदवारांच्या प्रोफाइलमधून मुदत संपलेली कौशल्यं काढून टाकायचं सॉफ्टवेअर तिच्या ताब्यात होतं. नावांपुढे खुणा करायच्या, कौशल्य निवडायचं, बटण दाबायचं — झालं. लेकीला ताप होता त्या दिवशी, निम्मं लक्ष घरी ठेवून, तिने चौदा जणांचं 'पाण्याखालचं वेल्डिंग' काढलं होतं. त्यांची प्रमाणपत्रं जुनी झाली होती. याचं ताजं होतं. पण याचं नाव यादीत पंधरावं, आणि तिच्याकडून एक खूण जास्त पडली होती.

काढलेलं कौशल्य नव्वद दिवसांच्या आत परत आणता येई. नंतर ते कायमचं जाई आणि उमेदवाराला परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागे. परत आणायचं तर कारण लिहायचं, आणि ते थेट मोठ्या मॅडमकडे जायचं. लेकीचे बाबा गेल्यापासून घरात मिळवती ती एकटीच. बावीस दिवस उरले होते.

"बघते," ती म्हणाली. "दोन दिवसांनी या."

तो आला. मग येतच राहिला. त्याच रस्त्यावरच्या शाळेचं फाटक दुरुस्त करायचं किरकोळ काम त्याला मिळालं होतं. दुपारच्या सुट्टीत हा तिच्या टेबलासमोरच्या बाकावर हजर. अंगाला तापल्या लोखंडाचा वास. ऑफिसने त्याचं 'पाणबुड्या' असं बारसंही करून टाकलं. एकदा तिच्या खुर्चीचा डुगडुगता पाय त्याने न विचारताच बसवून दिला.

"माझंही एक कौशल्य काढा ना," एके दिवशी तो म्हणाला. "न बोलावता येऊन बसायचं."

"काढल्यावर यायचं थांबवणार आहात का?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिने घाईघाईने पडद्याकडे बघितलं.

खाली, पाण्यात कसं असतं, हे तिने विचारलं होतं. शांत असतं, तो म्हणाला. आपलाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो की शेजारी कुणी झोपलंय असं वाटतं. भीती वर आल्यावर वाटते. वर कुणी वाट बघत नसतं ना...

घरी आईने शेवटी विचारलंच, हल्ली केस विंचरायला एवढा वेळ का लागतो म्हणून. ती लेकीच्या रिबिनी शोधत राहिली. रोज सकाळी ती ठरवून निघे की आज कारण लिहायचंच, आणि रोज दुपारी तो बाकावर बसला की बोटं आखडत. कधीतरी तिला कळून चुकलं की नोकरीची भीती केव्हाच मागे पडली आहे. कौशल्य परत आलं की फोन येणार, आणि हा जाणार.

एकोणनव्वदाव्या दिवशी तो उशिरा आला. बसला नाही.

"कुंपणाच्या जाळ्या बनवायला जाईन म्हणतो. इथेच, कारखान्यात." तो हाताच्या डागांवरून अंगठा फिरवत होता. "ते खालचं काम... मला कधी नीट येतच नसावं. नाहीतर एकाने तरी विचारलं असतं."

तिला हवं होतं तेच घडत होतं. आणि तिला ते बघवेना.

"येतं तुम्हाला," ती म्हणाली. "मी काढलंय ते. चुकून."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि सांगताय आज?"

"आधी नोकरी जाईल म्हणून. मग... तुम्ही जाल म्हणून."

तिने त्याच्यासमोरच कारणाच्या रकान्यात 'माझी चूक' असं लिहून पाठवलं. तिने मान वर केली तेव्हा तो निघून गेला होता.

मोठ्या मॅडमनी तिची खरडपट्टी काढली आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे सोपवलं. नोकरी तेवढी राहिली. चौथ्या दिवशी त्याला काम आलं — भर समुद्रात, आठ महिने. फॉर्म भरायला तो तिच्यापुढेच येऊन बसला, पण तिच्याकडे न बघता. ती विचारत गेली, तो सांगत गेला. रक्तगट. उंची. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं?

त्याने खिडकीबाहेरच्या करड्या उजेडाकडे बघितलं.

"राग आहे अजून," तो म्हणाला. "पण तुझं नाव घाल."

तू. तिने नाव टाइप केलं, नंबर टाइप केला. पुढे 'नातं' असा रकाना होता, आणि त्याखाली यादी — आई, वडील, पत्नी, भाऊ, बहीण, इतर. तिचा हात थांबला.

"सध्या 'इतर' टाक," तो म्हणाला, आणि आता पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बघितलं. "आल्यावर बदलू."